दोन पट्ट्यांमधला सूर

"हल्लीची गाणी म्हणजे नुसता धांगडधिंगा! आमच्या काळी गाणं होतं गाणं." हे वाक्य एकदाही ऐकावं लागलं नाही असा मुलगा आपल्या होस्टेलमध्ये सापडणार नाही. घरी गेलो की बाबा म्हणतात, इथे रात्री अकरानंतर स्पीकर चालू राहिला की रेक्टर सर म्हणतात. गंमत म्हणजे हेच वाक्य कैरो, बैरूत आणि दमास्कसमध्येही गेली शंभर वर्षं म्हटलं जातंय. दर पिढीत, दर नव्या गाण्याबद्दल!

तर मित्रांनो, या लेखात मला अरबी गाण्याबद्दल लिहायचं आहे. "याला दुसरा विषय मिळाला नाही का?" असं वाटलं असेल, तर जरा थांबा. अरबी गाणं आपल्या कानांना अगदीच परकं नाही. २००४ सालच्या 'मर्डर' सिनेमातलं 'कहो ना कहो' आठवतं? ती चाल इजिप्तच्या अम्र दियाबच्या २००० सालच्या 'तमल्ली मआक' या गाण्याची. त्याचंच १९९६ सालचं 'नूर अल ऐन' (आपल्याकडे सगळे त्याला 'हबीबी हबीबी' म्हणतात) कुठल्या ना कुठल्या गॅदरिंगमध्ये वाजलेलं आहेच. शिवाय रत्नागिरी-रायगडकडच्या मुलांना विचारा. ज्यांच्या घरातलं कुणी मस्कतला किंवा कुवेतला नोकरीला होतं, त्यांच्या घरात खजुराबरोबर दोन-चार अरबी कॅसेट्सही आल्याच. माझ्या मामांनी आणलेल्या अशाच कॅसेट्समुळे मला हा नाद लागला. आधी नव्या गाण्यांचा, मग हळूहळू जुन्यांचा.

जुनी आणि नवी अशी दोन्ही ऐकून माझं जे मत झालंय ते आधीच सांगून टाकतो. नव्या पोरांनी जुनं गाणं बिघडवलं हे मला अजिबात पटत नाही. गाणं बदललं ते बहुतेक वेळा यंत्रामुळे. तबकडी आली, रेडिओ आला, कॅसेट आली, सॅटेलाइट चॅनल आलं, कॉम्प्युटर आला. ज्या डब्यातून गाणं लोकांपर्यंत गेलं त्या डब्याचा आकार गाण्याने घेतला. त्यातलं बरंचसं चांगलंच झालं. मात्र एक नुकसान खरोखरच झालं आणि त्याचा दोष गायकांपेक्षा आपल्या जातभाईंकडे, म्हणजे इंजिनिअर लोकांकडे जास्त जातो.

आता जरा मुळापासून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कैरोमध्ये अब्दुह अल-हामूली (मृत्यू १९०१) आणि मुहम्मद उस्मान (मृत्यू १९००) हे मोठे गवई होते. त्यांच्या मागे जो छोटा ताफा बसायचा त्याला 'तख्त' म्हणत. त्यात एक ऊद, एक कानून (कायदा नव्हे! आपल्या स्वरमंडळाच्या कुळातलं वाद्य), एक नाय म्हणजे बोरूची बासरी, एक व्हायोलिन आणि रिक्क नावाची खंजिरी. झालं! चार-पाच माणसं. मैफल कुणाच्या तरी घरी, लग्नात नाहीतर चहा-कॉफीच्या दुकानात, आणि ती रात्रभर चालायची. गाणं एका मकामात असायचं. मकाम म्हणजे ढोबळमानाने आपला राग समजा. अगदी तंतोतंत नाही, पण ठरावीक स्वर, ठरावीक चलन आणि ठरावीक भाव या अर्थाने बरंच जवळचं. गवई कधी कधी फक्त 'रात्र' आणि 'डोळे' या अर्थाच्या दोन शब्दांवर स्वरविस्तार करत बसायचा.

या सगळ्याचं उद्दिष्ट एकच होतं, 'तरब'. या शब्दाला मराठीत एका शब्दाचा पर्याय नाही. गाण्याने माणूस स्वतःला विसरतो, डोलायला लागतो, त्याच्या तोंडून आपोआप "अल्लाह!" निघतं, ती अवस्था म्हणजे तरब. ही अवस्था गायक एकटा आणू शकत नाही, ऐकणारेही तितकेच तयार लागतात. अशा तयार श्रोत्यांना 'सम्मीआ' म्हणत. ते दाद द्यायचे, ओळ पुन्हा मागायचे, आणि गवई तीच ओळ नव्या वाटेने सांगायचा. बालगंधर्वांच्या नाटकांतल्या वन्समोअरबद्दल आपण आजोबांकडून ऐकलेलं असतं ना, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथे प्रत्येक वन्समोअरला गाणं वेगळं होऊन यायचं.

मग आली तबकडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रामोफोन कंपन्या कैरोत पोचल्या. बैरूतच्या बैदा कुटुंबाची 'बैदाफोन' ही स्थानिक कंपनीही निघाली. तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटं मावायची. रात्रभराचं गाणं तीन-चार मिनिटांत कसं बसवणार? लांब रचना दोन-तीन बाजूंवर तोडून ध्वनिमुद्रित केल्या गेल्या. विस्तार आखडला. 'तकतूका' नावाचं छोटं, कडव्याकडव्याचं, हलकंफुलकं गाणं मात्र त्या मापात चपखल बसलं आणि १९२० च्या दशकात त्याची चलती झाली. लगेच जाणकारांनी ओरड सुरू केली की गाणं सवंग झालं, अभिरुची घसरली. म्हणजे 'आमच्या काळी' १९२० सालीच सुरू झालं होतं!

त्याच सुमारास अलेक्झांड्रियाच्या सय्यद दरवेशने (१८९२–१९२३) गाणं दिवाणखान्यातून उचलून नाटकाच्या रंगमंचावर नेलं. हमाल, नावाडी, कारागीर यांच्या तोंडी त्यांच्या भाषेतली गाणी दिली. बिचारा एकतिसाव्या वर्षी गेला. पण त्याची एक चाल १९७९ पासून इजिप्तचं राष्ट्रगीत आहे. शास्त्रशुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांच्या हातात सगळं असतं तर ही चाल जन्मालाच आली नसती असं मला वाटतं.

१९३२ मध्ये एक मोठी घटना घडली. राजा फुआदच्या आश्रयाखाली कैरोत अरबी संगीताची परिषद भरली. बेला बार्टोक, पॉल हिंडेमिथ, कुर्ट साक्स अशी युरोपातली मातब्बर मंडळी आली होती. मोरोक्कोपासून इराकपर्यंतचे कलावंत आले, शेकड्याने ध्वनिमुद्रणं झाली. आणि वाद काय झाला माहितेय? युरोपियन पाहुण्यांपैकी अनेकांचं म्हणणं, "बाबांनो, पियानो घेऊ नका, तुमचं संगीत मरेल." आणि बऱ्याच इजिप्शियन मंडळींचं म्हणणं, "आम्हाला पुढे जायचंय, आम्हाला पियानो हवा." पाव स्वर वाजवणारे खास पियानोसुद्धा तिथे मांडण्यात आले. बाहेरच्याला आपलं जुनं जपावंसं वाटतं आणि आपल्याला नवं हवंसं वाटतं! माझी सहानुभूती इथे इजिप्शियन लोकांकडे आहे. दुसऱ्याच्या कौतुकासाठी कुणी संग्रहालयात राहायला जात नाही. पण पियानोबद्दलची पाहुण्यांची भीतीही खोटी नव्हती, ते पुढे येईलच.

आता उम्म कुलसुम. अरबी अभिजात गाण्याचं नाव काढलं की सगळ्यात आधी बाईंचंच नाव येतं. नाईलच्या खोऱ्यातल्या एका खेड्यातल्या इमामाची मुलगी. लहानपणी मुलाचे कपडे घालून वडिलांबरोबर धार्मिक गाणी गायची. १९२० च्या दशकात त्या कैरोत आल्या. १९३४ मध्ये इजिप्तचा सरकारी रेडिओ सुरू झाला आणि पुढे दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बाईंची मैफल प्रक्षेपित व्हायला लागली. हे जवळपास १९७३ पर्यंत चाललं. त्या रात्री अरब जगातले रस्ते ओस पडायचे असं सांगतात. एकेक गाणं तासभर, कधी त्याहून जास्त. एकच ओळ पाच-सात वेळा, प्रत्येक वेळी वेगळी. रेडिओला तबकडीसारखी तीन-चार मिनिटांची अट नव्हती, म्हणून तबकडीने आखडलेला विस्तार रेडिओने परत दिला. म्हणजे यंत्र दर वेळी वाईटच करतं असंही नाही.

पण आज आपण ज्यांना 'जुनं, शुद्ध' म्हणून डोक्यावर घेतो त्या बाई स्वतः किती आधुनिक होत्या हे विसरलं जातं. तख्तातली चार-पाच माणसं जाऊन त्यांच्या मागे व्हायोलिनांची अख्खी रांग आली, चेलो आला, डबल बास आला. १९६४ मध्ये 'इन्ता उमरी' आलं. संगीत मुहम्मद अब्दुल वहाब यांचं आणि वाद्यमेळात चक्क इलेक्ट्रिक गिटार! अब्दुल वहाब तर १९३३ च्या 'पांढरं गुलाब' या सिनेमापासून टँगो, रुंबा, पाश्चात्त्य वाद्यं असं सगळं अरबी चालींत मिसळत होते. त्यांच्यावर पाश्चात्त्यांची उचलेगिरी केल्याचे आरोपही झाले. अब्दुल हलीम हाफिजने मायक्रोफोन जवळ घेऊन हळुवार, कुजबुजल्यासारखं गायला सुरुवात केली. मोठ्या आवाजाच्या गवयांना ते गाणंच वाटलं नसेल! तिकडे लेबनॉनमध्ये फैरुज आणि रहबानी बंधूंनी चार मिनिटांची नेटकी गाणी करून दाखवली आणि तीही आज 'क्लासिक' आहेत.

म्हणून मला प्रश्न पडतो, 'जुनं गाणं' संपून 'नवं गाणं' नेमकं कुठल्या तारखेला सुरू झालं? १९०४? १९३२? १९६४? तुम्ही कुठेही रेघ मारा, रेघेच्या अलीकडे-पलीकडे तीच माणसं उभी दिसतात. जुनं जसंच्या तसं जपायचेही प्रयत्न झाले. १९६७ मध्ये कैरोत अरबी संगीताचा एक सरकारी वाद्यवृंद स्थापन झाला. जुन्या रचना नोटेशन करून, कंडक्टर उभा करून, कोरसमध्ये गाऊन घेतल्या. रचना वाचल्या, हे मोठंच काम. पण ऐन वेळी सुचणं, ओळ फिरवून सांगणं, श्रोत्याने "पुन्हा" म्हणणं हे सगळं त्यात बसेना. सबमिशनच्या फाइलसारखं झालं ते, सगळं नीट आणि सगळ्यांचं सारखं!

१९७० च्या दशकात कॅसेट आली आणि पहिल्यांदाच रेडिओ स्टेशनच्या दारावरचा पहारेकरी निरुपयोगी झाला. अहमद अदविया हा गल्लीतल्या लग्नांत गाणारा माणूस. भाषा रस्त्यावरची, गाणी कष्टकरी वस्त्यांची, ज्यांना 'शाबी' म्हणजे लोकांची गाणी म्हणतात. सरकारी रेडिओने त्याला दूर ठेवलं, समीक्षकांनी नाकं मुरडली, आणि टॅक्सीवाल्यांनी त्याच्या कॅसेट्स वाजवून वाजवून घासून टाकल्या. डिसेंबर २०२४ मध्ये तो वारला तेव्हा इजिप्तच्या लोकसंगीतातला एक मोठा माणूस म्हणून त्याला निरोप दिला गेला. सवंग ते आदरणीय, हा प्रवास पन्नास वर्षांचा.

१९८० च्या दशकात सिंथेसायझर आला आणि इथे आपली ब्रँच सुरू होते. जरा लक्ष द्या, हे परीक्षेत येणार नाही पण महत्त्वाचं आहे. कीबोर्डवर एका सप्तकात बारा पट्ट्या. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर प्रत्येक पट्टी १०० सेंटच्या अंतरावर. कोमल गंधार ३०० वर, शुद्ध गंधार ४०० वर. अरबी संगीतातल्या 'रास्त' मकामाचा गंधार असतो साधारण ३५० च्या आसपास. म्हणजे दोन पट्ट्यांच्या बरोबर मधल्या फटीत! हर्ट्झमध्ये हवं असेल तर सा २६१.६ धरा. कोमल गंधार ३११, शुद्ध गंधार ३३० आणि रास्तचा गंधार ३२० च्या जवळपास. तोसुद्धा पक्का नाही. गाव बदललं, मकाम बदलला की थोडा वर-खाली. ऊदला पडदे नसतात, त्यामुळे बोट कुठेही ठेवता येतं. व्हायोलिनलाही अडचण नाही. कानूनला त्यासाठी छोट्या खिट्ट्या असतात. कीबोर्डवर मात्र ती जागाच नाही.

१९८३ मध्ये 'मिडी' हे स्टँडर्ड आलं. सगळी इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांशी बोलायला लागली, मोठीच सोय झाली. त्यात सुरांना ० ते १२७ असे पूर्ण आकडे दिलेले आहेत. साठ नंबरचा सूर आहे, एकसष्टचा आहे. साडेसाठ? नाही! सूर वाकवायला 'पिच बेंड' आहे, पण तो अख्ख्या चॅनलला लागू होतो. एक सूर वाकवायला जावं तर सोबतचेही वाकतात. मार्ग नव्हते असं नाही. नंतर ट्यूनिंगसाठी वेगळी सोय आली, पाव स्वराची बटणं असलेले खास 'ओरिएंटल' कीबोर्ड यामाहा आणि कॉर्गने काढले. पण हे सगळं 'नंतर' आणि 'खास'. खोक्यातून काढल्या काढल्या जे वाजतं ते बारा पट्ट्यांचंच.

आणि आपल्याला माहीत आहे, माणूस डिफॉल्ट सेटिंग बदलत नाही. लॅबमधल्या ओसिलोस्कोपचं जे सेटिंग आधीच्या बॅचने ठेवलं असेल त्यावरच आपण रीडिंग घेतो! झालं तेच. रास्त आणि बयाती हे पाव स्वराचे मकाम पॉप गाण्यांत मागे पडत गेले. कुर्द (साधारण आपल्या भैरवीच्या अंगाचा), नहावंद आणि अजम (आपल्या बिलावलजवळचा) हे बारा पट्ट्यांत बसणारे मकाम पुढे आले. बयातीचा दुसरा सूर जरा खाली ढकलून पट्टीवर बसवला की त्याचा कुर्द होतो. कुणी बंदी घातली नाही, कुणी ठरवलं नाही. फक्त जे सहज वाजतं ते वाजत राहिलं. २००३ च्या सुमारास नॅन्सी अजरमसारख्या गायिकांच्या गाण्यांचे व्हिडिओ सॅटेलाइट चॅनलवर दिवसरात्र फिरायला लागले. तेव्हा सगळ्यांनी कपड्यांवर चर्चा केली, नाचण्यावर चर्चा केली. गंधार कुठे गेला याची चर्चा फार थोड्यांनी केली.

कुणी म्हणेल, "एक सूर गेला तर एवढं काय बिघडलं?" माझं उत्तर असं की तो एक सूर म्हणजे अख्ख्या भावनेचा पत्ता होता. तो ना आनंदी ना दुःखी, मधलाच काहीतरी. आणि त्या जागेवरच सम्मीआ "अल्लाह" म्हणायचे. आपल्याकडेही हा वाद झालेला आहे. हार्मोनियमच्या पट्ट्यांत श्रुती आणि मींड बसत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिला हद्दपार केलं, ते १९७१ पर्यंत. आज प्रत्येक मैफलीत हार्मोनियम आहे आणि आपलं गाणं मेलेलं नाही. कारण गायकाचा गळा पट्टीच्या मागे गेला नाही, पट्टी गळ्याच्या मागे राहिली. बंदीने काही साधलं नाही, कानाने साधलं.

म्हणूनच २०२० मध्ये कैरोत जे झालं ते मला चुकीचं वाटतं. 'महरगानात' नावाचा नवा प्रकार कैरोच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांनी घरच्या कॉम्प्युटरवर उभा केला. ढणढणाट, रॅपसारखे बोल, आवाजावर ऑटोट्यून. फेब्रुवारी २०२० मध्ये कैरो स्टेडियममधल्या एका कार्यक्रमातल्या गाण्याच्या शब्दांवरून गदारोळ झाला आणि संगीतकारांच्या संघटनेने या गायकांच्या जाहीर कार्यक्रमांवर बंदी घातली. संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष हानी शाकिर, स्वतः नामवंत गायक. शब्द वाईट असतील, मी त्यांचं समर्थन करत नाही. पण ही मुलं म्हणजे अदवियाचीच नातवंडं. आणि मजा बघा, लग्नाच्या मांडवातल्या त्या शाबी कीबोर्डवाल्यांनीच पाव स्वराची बटणं दाबून बयाती जिवंत ठेवला होता. गुळगुळीत, सभ्य, टीव्हीवरच्या गाण्याने तो आधी सोडला. मग संस्कृतीचा मारेकरी कोण?

ऑटोट्यूनचंच घ्या. १९९७ मध्ये हे सॉफ्टवेअर आलं. त्याला स्केल सांगितलं नाही तर ते प्रत्येक सूर जवळच्या पट्टीवर ओढतं. ३५० सेंटचा गंधार त्याला चूक वाटतो! वेगळी स्केल निवडायची सोय आत असते, पण ती उघडतो कोण? ज्याने सॉफ्टवेअर लिहिलं त्याच्या कानात बारा पट्ट्या होत्या, म्हणून सगळ्या जगाच्या गळ्यात त्या बारा पट्ट्या गेल्या. त्याने हे मुद्दाम केलं नाही. त्याला विचारणारा कुणी शेजारी बसला नव्हता, एवढंच.

माझा मुद्दा इथेच आहे. गाणं बदलणारच. त्याला थांबवायला जाणारे १९२० मध्ये हरले, कॅसेटच्या काळात हरले, २०२० च्या बंदीनंतरही ती गाणी यूट्यूबवर चालूच राहिली. पण यंत्र बदलता येतं. २०२० मध्येच जाहीर झालेल्या मिडी २.० मध्ये प्रत्येक सुराला स्वतंत्र पिच देता येतो. म्हणजे साडेसाठ नंबरचा सूर आता कागदावर तरी शक्य आहे. लेबनॉनमधली 'अमार' ही संस्था २००९ पासून जुन्या तबकड्या गोळा करून, स्वच्छ करून लोकांना ऐकवते आहे. कुणाला अल-हामूलीच्या काळातल्या गायकीचा गंधार नेमका किती सेंटवर होता हे मोजायचं असेल तर माल तयार आहे. फूरिए ट्रान्सफॉर्म आपल्याला थर्ड सेममध्ये शिकवतात. आपण ते पास होण्यापुरतं वापरतो ही गोष्ट वेगळी!

उद्या आपल्यातलेच काही जण ऑडिओचं सॉफ्टवेअर लिहिणार, कुणी स्पीच रेकग्निशनवर काम करणार, कुणी मोबाइलचा कीबोर्ड बनवणार. प्रत्येक ठिकाणी 'डिफॉल्ट काय ठेवायचं' हा प्रश्न येणार आणि घाईच्या वेळी आपण जे सोपं आहे ते ठेवून मोकळे होणार. त्या सोप्यात कुणाचा तरी गंधार बसत नसेल. अहिराणीचा उच्चार बसत नसेल, मालवणीतला हेल बसत नसेल, कैरोचा रास्त बसत नसेल. तेव्हा निदान एकदा विचारायला हवं की बाबा, दोन पट्ट्यांच्या मधे कुणी राहतं का?

राहता राहिली ऐकणाऱ्यांची गोष्ट. तरबमध्ये निम्मं काम श्रोत्याचं होतं, ते काम मात्र कुठलंही यंत्र करून देणार नाही. तीस सेकंदांत पुढचं गाणं लावायची आपल्याला सवय झाली आहे. एखाद्या रविवारी, मेस बंद असते त्या संध्याकाळी, उम्म कुलसुमची १९६६ सालची 'अल-अतलाल' लावा. संगीत रियाद अल-सुनबाती यांचं. अर्थ कळला नाही तरी चालेल. एकच ओळ ती किती वेळा आणि किती तऱ्हांनी म्हणते तेवढं मोजा, आणि मागे बसलेले लोक नेमके कुठे ओरडतात ते ऐका. आणि त्यानंतर खुशाल महरगानात लावा. रेक्टर सरांनी विचारलं तर सांगा, सिग्नल प्रोसेसिंगचा अभ्यास चालू आहे!

— अंतिम वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार अभियांत्रिकी